रातपाळीचा माणूस

कादंबरी लिहिताय ना, मग जहाजाचं नाव लिहा,
दारूगोळा किती टन, कापसाच्या गासड्या किती, तेही.
गोदीचं घड्याळ चार वाजून सहा मिनिटांवर थांबलं
हे तर तुम्हांला पाठच असेल.
मी चटईचं सांगते.

चिंचबंदरला आमची खोली, वरच्या मजल्यावर.
चटई एकच. रात्री यांची, नि माझी.
दिवसा धाकू घोगळ्याची, रातपाळीवाला,
महिन्याला चार रुपये द्यायचा.
मी दाराशी गोणपाटं शिवायची.
दाभण आपलं चालत राहायचं, डोळे मात्र
निजलेल्या माणसाच्या पाठीवरून हलायचे नाहीत.
चैत्राचा उकाडा. पाठीवर मिठाची रेघ.
किती दिवस बोट आवरायचं?

त्या शुक्रवारी नाही आवरलं.
लिहिणार असाल तर नीट लिहा :
त्यानं ओढलं नाही. मीच दाभण भिंतीत खोचलं
आणि कडी लावली.

पहिला आवाज झाला तेव्हा वाटलं,
माझ्याच आत काहीतरी फुटलं.
मग कौलं खाली आली.
खिडकीतून जळता कापूस, सावकाश,
वर कुणी गादी पिंजत बसल्यासारखा.
तो उठला. सदराही घातला नाही.
"त्यांना घेऊन येतो," म्हणाला.
त्यांना!
केस मी अजून बांधले नव्हते.
दुसरा आवाज अर्ध्या तासानं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दारात कारकून,
मांडीवर वही. "नवऱ्याचं नाव?"
जन्मात कधी घेतलं नव्हतं मी ते नाव.
जीभ उचलली, तर निघालं : धाकू.
त्यानं लिहून घेतलं. खोडा म्हणाले नाही मी.

हे तिसऱ्या दिवशी आले. चालत.
अंगभर काजळी, कानांखाली रक्त वाळलेलं.
खुंटीवरचा सदरा त्यांना बसला,
विरेपर्यंत वापरला.
ऐकू येणं मात्र गेलं ते गेलंच.
मग एकतीस वर्षं, भाकरी थापताना, दिवा लावताना,
त्यांच्या समोर बसून मी मोठ्यानं म्हणायची,
धाकू. धाकू.
शेजारणींना वाटायचं, पोर गेलं असेल हिचं एखादं.

शेवटच्या रात्री हे माझ्या तोंडाकडे बघत होते,
नेहमी बघायचे तसेच.
मग त्यांनी ओठ हलवले, आवाज न करता.
दोनच अक्षरं.

चहा घ्या, साय धरली त्यावर.