हातचा एक

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. बोगोता.
गुलाबांचे दिवस. दर वीस मिनिटांनी
एक मालवाहू विमान मायामीकडे,
पोटात बर्फासारखी थंडी, खोक्यांत मिटलेल्या कळ्या,
प्रेमिकांच्या तारखेआधी पोचायला हव्यात.
पहाटेचे चार पन्नास. धुकं पठारावरून
गाभण गाईसारखं सावकाश चालत येत होतं.
रात्रपाळीत दोन्ही धावपट्ट्या माझ्याकडेच.

मी म्हणाले, "फुलवाल्या, पट्टीवर ये आणि थांब."
तो आला. थांबला.
सांगितलं की माणसं थांबतात, हीच तर अडचण.

मग फोन वाजला, दक्षिणेच्या पट्टीवर कुत्रं.
मग कालीहून उतरलेल्या विमानात कुणाला तरी चक्कर.
मग एलिएसेरने विचारलं, कॉफी आणू का?
मी कॉफीला हो म्हणाले,
कुत्र्यामागे जीप पाठवली,
आणि पास्तोहून येणाऱ्याला, त्याच श्वासात,
"उतरायला मोकळीक आहे."

मोकळीक.
नंतर टेप तीनदा ऐकली.
इतक्या खात्रीने मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

शाळेत सिस्टर ओर्तेन्सिया बजावायची,
हातचा एक बोट मुडपून धरा, नाहीतर पळतो.
मी धरला होता. अगदी खरोखर हातात होता.
फुलवाल्याच्या नंबराची कागदी चिठ्ठी
अंगठा आणि तर्जनीच्या मधे,
तिनेच मी टेबलावर टकटक करत होते.

धुक्यातून त्याला आधी लाल दिवा दिसला असेल,
मग शेपूट,
मग शेपटीवर रंगवलेलं फूल.
"वर जातोय," एवढंच म्हणाला पास्तोवाला.
शिवी नाही. प्रश्न नाही.
टॉवरच्या काचा आधी थरथरल्या, मग कपातली कॉफी.
खालून फुलवाल्याने विचारलं,
"आत्ता डोक्यावरून काय गेलं?"

काळ आला होता पण वेळ आली नव्हती,
म्हणतात लोक.
वेळ तर मीच दिली होती. दोघांना एकच.

एलिएसेरने खांद्यावर हात ठेवला,
माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला
आणि माझं अर्धं राहिलेलं वाक्य
पुढे म्हणू लागला.

चौकशीच्या कागदावर एक चौकोन आहे: कारण.
रुंदी बोटभर.
त्यात कुत्रं मावत नाही, धुकं मावत नाही,
सलग सहावी रात्र मावत नाही.
मी लिहिलं, विसरले.

गुलाब वेळेवर पोचले म्हणे.

मी सध्या घरी. फोन्तिबोनमधे, तिसऱ्या मजल्यावर,
गच्चीवरच्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालते
आणि विमानं कपड्यांच्या वरून उतरतात.
पास्तोचे एकशे बारा प्रवासी
त्या दिवशी सतरा मिनिटं उशिरा पोचले.
कुरकुरले असतील. बॅगांपाशी जांभया दिल्या असतील.
त्या जांभया मी मोजते.
त्यात विमानाचे सहा कर्मचारी मिळवते,
खाली थांबलेले तिघे मिळवते.
बेरीज रोज बरोबर येते.
मुडपलेलं बोट मात्र सरळ होत नाही.