पाचशेचं नाणं

मित्सुएनं आणलेल्या पत्र्याच्या डब्याला
झाकणच नाही.
वर एक चीर, नाणं जाईल एवढी,
बाजूला छापलेलं: भरल्यावर तीन लाख येन.
उघडायचा तर कापायचाच,
मासळीचा डबा कापतात तसा.
म्हणजे मोह झाला तरी आधी ओपनर शोधा,
आणि आमच्या घरात ओपनर सापडेपर्यंत
कुठलाही मोह टिकत नाही.

नियम तिचाच.
पाचशेचं नाणं हातात आलं की ते आपलं नाही,
डब्याचं.
कशासाठी, विचारलं तर म्हणाली, म्हातारपणासाठी.
तेव्हा मी सदुसष्टचा होतो.

हाकोदातेत एकतीस वर्षं ट्राम चालवली मी.
नाणी पेटीत पडायची,
मी मागे न बघता ओळखायचो
कोणी दहा येन कमी टाकले.
(बर्फाच्या दिवसांत ओळखायचो नाही.)

पण हिचा हिशेब माझ्या वरताण.
बिल सातशे तीस झालं
की ही देते बाराशे तीस.
गल्ल्यावरची पोरगी क्षणभर गडबडते,
मग हसते,
आणि नेमकं ते जाडजूड नाणं
हिच्या तळव्यावर येऊन बसतं.

सुटे जुळले नाहीत
तर हजाराची नोट मोडायला
ओगासावाराच्या दुकानात शिरते.
लाल घेवड्याचं सारण भरलेला पाव,
लोणी सोडलेला वाफाळता बटाटा,
कधी भात भरून शिजवलेला स्क्विड, एकच, दोघांत.
ओगासावाराच्या गुडघ्याची चौकशी,
त्याच्या मांजरीला दोन शब्द.
तासाभरानं घरी येते.
"नोट मोडायची होती ना," म्हणते,
ओठाच्या कडेला सारण.
मग डब्यात: टण्ण.

एका जानेवारीत स्टोव्ह बंद पडला.
मी ओपनर शोधला. सापडलाही.
ती डब्याला पाठ लावून बसली.
दोन रात्री आम्ही कोट घालून झोपलो
तीन लाखांच्या शेजारी,
म्हणजे तेव्हाच्या एक लाख ऐंशी हजारांच्या.
श्वासाची वाफ छतापर्यंत जात होती.
तिसऱ्या दिवशी तिनं हप्त्यानं स्टोव्ह घेतला
आणि पहिल्या हप्त्याची मोड
पाचशेच्या नाण्यांत मागून घेतली.

चार वर्षांनी एका संध्याकाळी नाणं आत जाईना.
ढकललं, डबा हलवला, नाहीच.
बँकेत गेलो.
कमरेत वाकून, अगदी मऊ आवाजात
तिथल्या मुलानं सांगितलं,
इतकी नाणी मोजायची तर शुल्क पडेल.
"पैसे ठेवायचे पैसे?"
परतीच्या ट्राममध्ये डबा तिच्या मांडीवर,
कुणी क्षणभर धरायला दिलेल्या
परक्या बाळासारखा.

वर्तमानपत्र पसरून मी पत्रा कापला.
बोट कापलं, तिनं पट्टी लावली,
आणि मोजायला बसलो.
पाचशे नव्व्याण्णव.
आणि एक पितळी टोकन,
बंदराजवळच्या खेळांच्या दुकानातलं.
तिनं ते उजेडात धरलं.
मी स्टोव्हची वात नीट करू लागलो.
(त्या वेळची बियर फार थंड होती. बस्स, एवढंच सांगतो.)

रात्री वही घेऊन मी उगाच आकडे मांडले.
एवढी नाणी जमवायला
साधारण दोनशे पाव,
नव्वद बटाटे, स्क्विड किती ते आठवत नाही,
मांजर आता तिसऱ्या पिढीची.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
जमेच्या की खर्चाच्या?
पेन्सिल दोन्हींच्या मधल्या रेघेवर
बराच वेळ थांबली.
मित्सुए म्हणाली, झोप आता.

सकाळी तिनं कोट चढवला,
ढिगातून एक नाणं उचललं,
टोकनही खिशात टाकलं, का कुणास ठाऊक.
रस्त्यावर बर्फ काळपट होऊन वितळत होतं.
ओगासावारानं नाणं हातात घेतलं,
पालथं करून पाहिलं.
"आज उलटं?"

"दोन पाव दे," ती म्हणाली,
"आणि उरलेल्यात काय बसतंय ते बघ."