कूस

रात्री दहाला सुपडू आप्पांची डावी,
बाराला उताणी,
दोनला उजवी.
भिंतीवरच्या तक्त्यावर खूण, खुणेसमोर वेळ.

आधी हात, मग खूण.
हे मी आता म्हणते. एकदा उलटं केलं होतं,
खोटं कशाला सांगू.
पौषातली रात्र, अंगात कणकण,
चारची खूण तीनलाच करून ठेवली
आणि शालीत हात घालून बसले.
सकाळी मथुराबाईंच्या माकडहाडावर
जुन्या रुपयाएवढा लाल डाग.
अंगठ्यानं दाबला.
पांढरा होईल म्हणून वाट पाहिली.
झाला नाही.
बावीस दिवस गेले तो जायला.
तक्त्यावर त्या रात्रीची खूण
अजून बरोबर आहे.

सुपडू आप्पांनी चाळीस वर्षं केळी भरली,
सावद्याच्या धक्क्यावर आधी वॅगनमध्ये, मग ट्रकमध्ये.
पहिल्या दिवशी मी त्यांच्या पोटऱ्यांखाली उशी सारली,
टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून,
तर म्हणाले,
"घड असा नही ठेवत व माय.
खाले वाळेल पान टाक. दांडा वर.
घडाले घड घासला नही पाहिजे.
मार लागला तं आज दिसत नही,
तिसऱ्या दिवशी दिल्लीले काया निंघतो."

जळगावच्या सिस्टरनं दोन दिवस शिकवलं,
ते याहून फार वेगळं नव्हतं.
ओढायचं नाही, उचलायचं.
चादरीला सुरकुती नको, सुरकुतीत भाकरीचा कण नको.
ओलं झालं की लगेच कोरडं.
वरणाची वाटी पूर्ण संपली का, ते बघायचं,
कारण कातडी आतून भरते.
आणि लाल जागा चोळायची नाही.
मी चोळत होते.
खोबरेल घेऊन, गोल गोल, सासूचे पाय चेपावेत तशी.
सिस्टर म्हणाली, माया असू दे, जोर काढ.

मे महिन्यात एकच्या सुमाराला लाइट गेली.
द्वारकाबाईंच्या हवेच्या गादीची गुणगुण थांबली.
पंखा थांबला ते मला नंतर कळलं.
गादी हळूहळू खाली बसायला लागली,
तिच्यावरचं माणूसही.
मी वॉचमनला हाक मारली.
हसन तडवी मोबाइलची बॅटरी दातात धरून आला,
चादरीची दोन टोकं त्यानं धरली, दोन मी.
तोंडात मोबाइल, म्हणून मोजणं माझ्याकडे.
एक, दोन,
आणि द्वारकाबाई वर.
लकवा झाल्यापासून त्या बोलत नाहीत.
पण हवेत असताना क्षणभर
माझ्या दंडाला त्यांची बोटं लागली,
पाळण्यातून उचललेलं पोर धरतं तशी.
लाइट पहाटे साडेपाचला आली.
तोवर आम्ही दर तासाला त्यांना उचललं.
हसन म्हणाला, ताई, पालला आमच्याकडे
बाळंतिणीला पण इतकं जपत नाहीत.
मग ओशाळला,
माझ्या पोटाकडे बघून.
मला मूल नाही, हे त्याला माहीत होतं.

आप्पांचा मुलगा सुरतहून रविवारी फोन करतो.
साडीच्या मार्केटचा गोंगाट मागे.
"बापू कसे आहेत?"
मी म्हणते, पाठ स्वच्छ आहे.
"म्हणजे?"
कमरेवर काही नाही. टाचा गुलाबी. खांद्याच्या पात्यावरही काही नाही.
तो म्हणतो, ते ठीक, पण तब्येत कशी आहे?
आता काहीच नसण्याची बातमी
फोनवर कशी सांगतात?
पुढच्या महिन्यात येतो म्हणतो.
ये, म्हणते. हात धुऊन ये.
तुलाही शिकवते.

सकाळी घरी जाऊन मी झोपते,
पत्रा तापेपर्यंत.
नवरा म्हणतो, झोपेत तू किती वळवळतेस.
वळवळू दे.

आता चार वाजले.
एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली,
दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल.
आप्पा डोळे न उघडता विचारतात,
"दांडा वर हाये ना?"
वर आहे, आप्पा.
मग मी भिंतीपाशी जाते आणि खूण करते.