आधी आवळ

बोरा बाजारच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
सर्जेराव खुटवड धापा टाकत चढला,
फौजी कांबळ्यात गुंडाळलेली दुनळी घेऊन.
सत्तावीस वर्षं माहीमच्या बँकेच्या दारात
तो आणि ती उभे.
खाडीचा वारा दोघांनाही लागला,
त्याच्या गुडघ्यांत गेला, तिच्या पेचांत.

रिकामी आहे, म्हणाला.
मी नळ्या वाकवल्या, दोन्हींत बोट घालून पाहिलं.
या धंद्यात शब्दावर विश्वास ठेवत नाहीत,
त्यात राग मानायचं काही नाही.

कधी उडवली होती?
एकदाच. गावाकडं, रानडुकरावर. लागली नाही.

आता बँकेला कॅमेरा पुरतो.
सोमवारी पोलीस ठाण्यात जमा करायची.
पण अशी नाही देणार, तो म्हणाला,
एकदा खोला, पुसा, मग देतो.

चापाखालच्या पत्र्याचा मधला पेच.
कुणीतरी घाईत, पंखा खोलायच्या पेचकसानं
खाच कुरतडून ठेवलेली.
आमचे उस्ताद तय्यबअली असता तर
त्या अनोळखी माणसाला तासभर गुजरातीतून शिव्या घातल्या असत्या.
ते सांगायचे, डोकं उडालं की ड्रिल,
आणि ड्रिल हातात घेतलंस म्हणजे हरलास.

म्हणून आधी कानस.
पातं घासायचं त्या एका खाचेच्या मापानं,
हात सोडला तरी उभं राहील असं.
मग बामच्या बाटलीतलं तेल, निम्मं रॉकेल.
एक थेंब. त्याला एक रात्र.
आत उतरतोय की नाही, दिसत नाही.
उतरतोय असं धरून दुकान बंद करायचं.

दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगचा खिळा
डोक्यावर टेकवून ठेवला, चहा निवेपर्यंत.
बारीक धूर आला, आणि जवसाच्या तेलाचा वास,
माझ्या जन्माआधी कुणा मिस्त्रीनं सोडलेल्या थेंबाचा.
मग हातोडी, पण मारायची नाही.
दुपारी दोनला शेजाऱ्याचं दार वाजवतो
तेवढीच.

सर्जेराव रोज संध्याकाळी यायचा.
स्टूल पुढे केला तरी दाराशीच उभा,
पाठ भिंतीला, नजर जिन्यावर.
झालं का, असं एकदाही विचारलं नाही.

शनिवारी मी पातं खाचेत बसवलं
आणि उजवीकडे जोर दिला.
सोडवायचा पेच आधी आवळायचा.
हे हाताला कळायला मला अकरा वर्षं लागली.
जिथे तो हटून बसलाय
तिथेच त्याला किंचित अजून बसवायचं,
बरोबर आहे तुझं, बस, म्हटल्यासारखं.
गंजाला तडा जातो तो तिथेच.
माझ्या थोरल्या भावाशी
मी सगळा जन्म नुसतं डावीकडे फिरवत बसलो.

टिक.
एवढासा आवाज. दाराशी मान वळली.
पाव आटा पुढे, पुन्हा मागे,
तेलाचा थेंब, पुन्हा पुढे.
लाल चिखल वर येत राहिला, मी पुसत राहिलो.
घाई आता करायची नाही,
अर्ध्यावर मोडलेला पेच अडकलेल्यापेक्षा वाईट.

निघाला तेव्हा डोकं काळंठिक्कर
आणि अंग आतून कोरं, चकचकीत,
बसवला त्या दिवसानंतर उजेड न पाहिलेलं.
सर्जेरावनं तो तळहातावर घेतला,
डोळ्यांजवळ नेला, काही न बोलता परत दिला.

बाकीचे तीन निमूट निघाले.

परत बसवताना सगळ्या खाचा एका रेषेत आणल्या,
नळीच्या दिशेनं, जशा नवीपणी असतील.
मालखान्यात गळ्यात चिठ्ठी बांधून ठेवतील हिला,
खाचा कोण बघतोय.

किती आवळलेत? त्यानं विचारलं.
मनगटानं, मी म्हटलं. पुन्हा सोडवता येतील इतकेच.

सोमवारी उन्हं कलताना तो परत आला.
हातात नुसतं कांबळं, फौजी घडी घातलेलं.
पावती दाखवली.
मग स्टूल ओढला
आणि बसला.