क्रमांक बारा

कोचीहून आले त्या सकाळी
अम्मानं पिशवीतून आधी शेंगाचटणीची बरणी काढली,
रिकामी आहे बघून समाधान पावली,
मग विचारलं, काय झालं गं?

हरलो, अम्मा. एका गुणानं.

म्हणजे त्या हरल्या.
नऊ जणी खेळतात, तिघी राखीव.
खो-खोत खेळणाऱ्याही बसतातच चौकोनात,
पण त्यांच्या पाठीवर कधीतरी हात पडतो.
आमच्या पाठीमागं नुसती भिंत होती,
निळी, नव्यानं रंगवलेली,
टेकलं की हाताला लागणारी.

हे सांगितलं नाही.

शहराचं सांगितलं.
की एका गल्लीत शिरलो तर मिरीनं शिंका आल्या सगळ्यांना,
हत्तुरे सरांनासुद्धा.
की एका चर्चमध्ये भिंतीला लावलेत थडग्यांचे दगड,
जहाजातून आलेल्या माणसांचे,
माल भरायला आले आणि राहिलेच.
अम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
आपला तातापण तसाच की.
मिलच्या भोंग्याला आला नलगोंड्याहून,
चार महिन्यांसाठी.

की किनाऱ्यावर भलीमोठी जाळी आहेत,
लाकडी सांगाड्याला टांगलेली,
दोरीला दगड बांधलेले,
पाच-सहा माणसं ओढतात तेव्हा वर येतं जाळं
आणि त्यात दोन मासे.
ती जाळी विणतं कोण? अम्मानं विचारलं.
मी तिथं कुणालाच विचारलं नव्हतं.

समुद्र केवढा, हे तिनं विचारलं नाही.
टीव्हीत बघितलाय, म्हणाली.

संध्याकाळी सर घेऊन गेले होते वाळूवर,
पोरींचं मन रमावं म्हणून.
शिवलीला गुडघ्याची पट्टी धरून रडत होती,
निलोफर तिच्याकडं बघून.
मला रडता येईना.
रडायलाही आधी खेळायला लागतं.
मी समुद्राकडं पाठ करून बसले उकिडवी,
अंगात तीच जर्सी, घडी न मोडल्यासारखी,
पाठीवर बारा.

आणि मागून
पाठीवर
पाण्याचा अख्खा पंजा.

मी उठलेच.
उजवी दिशा घेतली.
दिशा घेतली की वळायचं नसतं
खांब ओलांडेपर्यंत,
म्हणून पळत राहिले,
शिंपल्यांवरून, कुणाच्या तरी चपलांवरून,
एका फुगेवाल्याला चुकवून,
दूर एक जुना गंजलेला बॉयलर पडला होता वाळूत
तिथपर्यंत.
त्याला वळसा घातला आणि परत.
सर ओरडत होते, वरलक्ष्मी, ए म्याकल, वेड लागलं का बे!
दुसरी लाट आली तेव्हा मी बसलेलीच नव्हते,
तरी तिनं खो दिला.
हा फाऊल. पण पंच कुठं होते?

दोन दिवस गाडीत जर्सी वाळली नाही.
वाडी सुटलं तरी गारच.
घरी दोरीवर टाकली,
आमच्या साखर पेठेतलं ऊन तुम्हाला माहीत असेल,
चहा गाळेपर्यंत कडक.
निळ्यावर पांढरी रेघ उमटली,
काखेपासून कमरेपर्यंत वेडीवाकडी,
एखाद्या किनाऱ्याच्या नकाशासारखी.

अम्मानं बोट फिरवलं रेघेवरून,
जिभेला लावलं.
मीठ.
मी बघत होते. तेव्हा बोलायचं होतं.

केवढा घाम, म्हणाली.
केवढं पळवलं गं लेकराला.
भिंतीवरून गाजुल अक्काला हाक मारून सांगितलं,
दुपारी कारखान्यात माल द्यायला गेली
तर तिथंही सांगून आली असणार,
कारण संध्याकाळी दोघी-तिघी
माझ्या पोटऱ्यांकडं बघून गेल्या.

रात्री ताटात एक भाकरी जास्त पडली,
वर तुपाचा थेंब.
मी मान खाली घालून खाल्ली.

पळाले तर होतेच की.