जावळ

मृण्मयीने डोंबिवलीहून आणलेल्या खोक्यातून तिला काढलं
आणि माझ्या मांडीवर ठेवलं.
"बाबा, हिचे केस तुमच्याकडे."
तीन महिन्यांची ल्हासा. नाव काहीतरी इंग्रजी ठरलं होतं.
मी म्हटलं, ही तर शेवई.
तेच राहिलं.

पामबीच रोडच्या दुकानात अंघोळ आणि केस मिळून
अठराशे सांगितले.
अठराशे!
घणसोलीत अठराशेसाठी मी किती माना वाकवायचो
ते मोजायला बसलो,
चहा गार झाला.

एकोणचाळीस वर्षं खुर्चीमागे उभा होतो.
मग उजवा हात थरथरू लागला.
वस्तरा उचलला की गिऱ्हाईक आरशातून बघायचं.
बोलायचं काही नाही,
पुढच्या महिन्यात दुसरीकडे बसलेलं दिसायचं.
शटर मीच ओढलं.
कात्र्या डब्यात, डबा कपाटावर,
वर जुन्या चादरी.

आज डबा खाली आला.
ऐरोली, सेक्टर आठ, आमची गॅलरी,
पाटावर ही, हिच्या मांडीवर शेवई.
"जावळाला मामा लागतो," ही म्हणाली.
लागतो. पण कुणाचा मामा रुसलेला असायचा,
कुणाचा आखातात,
एकाचा तर तोपर्यंत जन्मच झाला नव्हता.
शेजारचा कुणीतरी बसायचा मांडी घालून.
तशी तू बस.

गाठ कोरडी असतानाच सोडवायची.
पाणी लागलं की हट्टाला पेटते.
कानामागे बघ, काखेत बघ, पट्ट्याखाली बघ,
पोटाला रबाळ्याची धूळ, तिथे तर बघच.
मुळाशी चिमटीत धरायचं, कातडीला ओढ लागू नये,
आणि सुरुवात टोकाकडून,
कंगव्याचे चार दात फक्त, पाचवा लोभ.

आणि हा माझा हात.
थरथरतो तो थरथरतोच.
पण कानामागची गाठ, सुपारीएवढी, घट्ट,
त्याच थरथरीने सैल व्हायला लागली.
मी काही करत नव्हतो.
केसामागून केस बाजूला होत होता
जसे लोक लग्नाच्या पंगतीतून उठतात, हळूहळू, ढेकर देत.
ही बघत राहिली.
सकाळची गोळी मी घेतली नव्हती,
ते तिला कळलं असावं.
रागावली नाही. "दुसरा कान," म्हणाली.

मशीन आधी बंदच हुंगायला दिलं.
मग चालू करून स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं, दूर.
पोरांनाही हेच करायचो:
आधी आवाज ओळखीचा, मग दात.
तरी चावली.
अंगठ्याखाली, दुधाच्या दातांनी, तांदळाएवढ्या चार खुणा.
पंजांच्या फटीतले केस काढले, तेवढेच.
डोळ्यांवरच्यांना कात्री लावली नाही,
तिथे मला माझा भरवसा नाही.
वर घेऊन रबर लावलं, शेंडी झाली,
आणि शेवईने पहिल्यांदा
आमच्या दोघांकडे नीट बघितलं.

कोमट पाणी. कानात कापसाचे बोळे.
खाडीकडून येणारा वारा दमट,
नुसत्या टॉवेलने भागत नाही,
मुळाशी ओल राहिली तर रात्रभर खाजवेल.
म्हणून मृण्मयीचा ड्रायर, लांबून, मंद,
आणि ही मध्येमध्ये फुंकर घालत होती,
ड्रायर चालू असताना!
म्हटलं, अगं. म्हणाली, असू दे.

कंगव्यात उरलेलं जावळ
मी मुठीत धरून बसलो.
पोरांचं असतं तर पाण्यात सोडतात.
हिचं काय करतात, मला कुणी शिकवलेलं नाही.
कागदाच्या पुडीत बांधलं, डब्यात टाकलं,
कात्र्यांशेजारी.

ही आत गेली, ताटलीत मूठभर तांदूळ,
सव्वा रुपयाच्या जागी अकराचं नाणं-नोट,
आणि नारळाची फोडलेली वाटी घेऊन आली.
"घ्या. न्हाव्याचा मान."
मी हात पुसेपर्यंत
शेवईने वाटी दातांत धरली,
ओढत, अडखळत, शेंडी हलवत
वॉशिंग मशीनखाली नेली,
आणि तिथून,
एवढीशी असून,
माझ्यावरच गुरगुरली.

चार वर्षांनी झालेली बोहनी,
अजून तिथेच आहे, खाली.