शंभराला दोन कमी

टिल्लू बाईंच्या प्रयोगशाळेत
पाणी कधीच शंभरावर उकळलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढे पारा थबकायचा,
चंचुपात्रात तळापासून वरपर्यंत बुडबुड्यांची झुंबड,
आणि आम्ही बावीस जणी खाली मान घालून
जर्नलात लिहायचो : १००.

"कुणी पाहिलं शंभर? तू, अचला?"
अचला खिडकीबाहेर बघू लागली.
"पुस्तक लिहिणारा समुद्राकाठी बसला होता गं.
आपलं इंदूर साडेपाचशे मीटर वर,
डोक्यावरची हवा तेवढी कमी.
जा, बॅरोमीटर वाच. सातशे बारा ना?
रामबागेच्या नाक्यावर पोह्यांखाली जे पाणी खळखळतं
तेसुद्धा अठ्ठ्याण्णवचंच."

मग खडू न घेता, नुसत्या हातांनी :
एक तळवा वरून दाबणारा, हवेचा.
एक खालून रेटणारा, वाफेचा.
"आच लागली की खालचा जोर धरतो.
दोघं बरोबरीला आले
की पाण्याच्या पोटातही बुडबुडा तग धरतो.
ते उकळणं.
तोवर नुसतं तापणं."

एकदा चंबूतलं पाणी उकळून
वाफेनं आतली हवा पार हाकलली,
बूच ठोकलं, दिवा विझवला, चंबू पालथा धरला.
पाणी निपचित.
बाईंनी त्यावर माठातल्या पाण्याचा
ओला नॅपकिन टाकला
आणि ते परत खदखदू लागलं!
"वरची वाफ थिजली, दाब ओसरला.
आता निवत आलेलंसुद्धा उकळतं."
आम्ही टाळ्या वाजवल्या. कळलं नव्हतं फारसं.

मार्चात उज्जैनहून परीक्षक आले.
माझ्या ९८.२ वर लाल रेघ.
बाई काही बोलल्या नाहीत.
पगारावरून, नेमणुकीवरून, आडनावावरूनही
वीस वर्षं ऐकून घेतलेली बाई ती,
चष्मा पुसत राहिली.
परीक्षक उठले, अगदी मऊ आवाजात म्हणाले,
"छोड़िए ना मैडम, दो डिग्री की तो बात है."

गार पाणी पडलं.

पुढचं जिन्याखालच्या शिपायानंही ऐकलं.
"तुमच्या उज्जैनलाही होत नाही शंभर!"
एवढं एकच वाक्य मला धड आठवतं,
बाकी वाफ.

जर्नल अजून आहे माझ्याकडे.
लाल रेघेखाली शाईतलं ९८.२,
शेजारी पाण्याचा डाग, कडेनं निळसर वाळलेला.
वीसपैकी अठरा मिळाले.